सत्काराची शाल

प्रिय सायली,

तू म्हणशील, आबांना आज पत्राची कुठून आठवण झाली? महिन्यापूर्वी तू पुण्याला राहायला गेल्यापासून फोन तर रोज होतो आपला. तू विचारतेस, जेवलात का, गोळी घेतली का. मी हो म्हणतो आणि फोन तुझ्या आईकडे देतो. बाप-लेकीचं बोलणं एवढ्यात संपतं. रविवारी तू तिला म्हणालीस, यवतच्या लोकांना नाही म्हणून कळवा, मला लग्नच करायचं नाही, दादा माझ्या हातून गेला. मी शेजारीच बसलो होतो. त्याला आज चार दिवस झाले.

तुझ्या हातून गेला म्हणे! अगं, तुझ्या हातांवर तर तो आठ महिने जगला. आपला सत्यजीत, पाबळला वेल्डिंग शिकून आलेलं पोर, कांदा साठवायची चाळ त्यानं एकट्यानं उभी केली, आणि चैत्रात त्याच चाळीच्या पत्र्यावरून घसरून पडला. वरचा मणका गेला, छातीखालचं अंग गेलं. पुण्याच्या हॉस्पिटलातले पहिले सात दिवस आठव. डॉक्टर म्हणाले, याचं बीपी खाली येता कामा नये, दुखावलेल्या मज्जारज्जूला रक्त पोचत राहिलं पाहिजे. मी वीस वर्षं बीपी उतरवायच्या गोळ्या खाणारा माणूस, मला वाटलं डॉक्टरच चुकतोय. तुला मात्र लगेच समजलं. काचेतून तू बीपीचा तो सरासरी आकडा बघत उभी राहायचीस, आणि तो पंच्याऐंशीच्या खाली घसरला की सिस्टरच्या आधी तुझा जीव खालीवर व्हायचा. मी बाहेर बाकावर बसून भेटायला आलेल्या पुढाऱ्यांना चहा पाजत होतो.

घरी आणल्यावर वेगळीच तऱ्हा. उठवून बसवलं की बीपी खाली जायचं आणि त्याचे डोळे फिरायचे. पोटाला पट्टा बांधून, रोज एक उशी वाढवत तू त्याला बसायला शिकवलंस. पहिल्यांदा पंधरा मिनिटं नीट बसला, त्या दिवशी त्यानं काय मागितलं, तर बोंबील! हसलो होतो आपण सगळे. घरात ते शेवटचं हसू.

पुण्याच्या हॉस्पिटलातल्या, मूळच्या दौंडच्या रुबी सिस्टरनं डिस्चार्जच्या दिवशी तुला बजावलं होतं, “आता पुढं कवातरी उलटं व्हईल बघ. लघवी तुंबली तर त्याला कळायची न्हाई, पण बीपी भडकंल. डोकं ठणकलं, तोंड लाल झालं, घाम फुटला, की आधी उठवून बसव आन् नळी बघ.” तुझ्याकडून तिनं दोनदा म्हणून घेतलं. सायली, तेव्हा मीही तिथंच उभा होतो.

मार्गशीर्षात यवतची मंडळी तुला बघायला आली. मी म्हणालो होतो, सत्यजीतला मागच्या खोलीत ठेवू. तू फणकारलीस, दादा समोरच राहील, ज्यांना बघवत नाही त्यांनी खुशाल उठून जावं. मी मान डोलावली. पण तुझा बाप तुला ठाऊक आहे. डेअरीचा चेअरमन. दारात चार चपला जास्त दिसल्या की छाती फुगणारा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माझ्या बापानं मला शिकवलं आणि मी ते जन्मभर पाळलं. पोहे घेऊन बाहेर आलीस तेव्हा सत्यजीतच्या पायांवरच्या शालीकडे बघून तू डोळ्यांनीच मला विचारलंस, हे काय? मी म्हणालो, गारठा आहे. मग तू बायकांबरोबर आत गेलीस. थोड्या वेळानं त्याचं तोंड लालबुंद झालं. मुलाचे मामा कौतुकानं म्हणाले, “पोराच्या तोंडावर काय तेज हाय!” सत्यजीत माझ्याकडे मान वळवून हळूच म्हणाला, “आबा, डोकं लय ठणकाय लागलंय.” त्याच्या कपाळावर घाम होता. मला रुबी सिस्टर आठवली. आठवूनही मी काय म्हणालो असेन? “धा मिनटं कळ काढ. उठतीलच ही.”

ती उठली वीस मिनिटांनी, मुलगी पसंत आहे म्हणून सांगून. त्यांची गाडी वळेपर्यंत मी दारात हात जोडून उभा होतो. परत आलो तोवर त्याची जीभ जड झाली होती, आणि मग मी तुला हाक मारली. मेंदूत रक्तस्राव झाला, तिसऱ्या दिवशी आपण त्याला पोचवून आलो.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. पाहुणे यायच्या आधी, तू साडी नेसत असताना, खाटेला लोंबणारी ती लघवीची पिवळी पिशवी मला सोसेना. ती उचलून मी त्याच्या पायांवर ठेवली, नळी मांडीखाली दुमडली आणि वरून माझ्या सत्काराची शाल अंथरली. सत्यजीत बघत होता. तुला हाक मारायच्या आधी मी पिशवी काढून पुन्हा खाटेला अडकवली, म्हणून तुला नळी सरळ दिसली आणि पिशवी भराभर भरताना दिसली, म्हणजे लघवी आधी कुठंतरी तुंबली होती एवढंच तुला कळलं. तेव्हापासून तू आठवत बसली आहेस, दुपारी त्याला कुशीवर वळवल्यावर नळी सरळ केली होती की नाही. मी पिशवी काढत होतो तेव्हा तो अडखळत एवढंच म्हणाला, “आबा, सायलीला सांगू नका. तिचं जमलेलं मोडंल.” त्यानं ते तुझ्यासाठी मागितलं, आणि मी तीन महिने त्याच्या आड स्वतःला लपवलं. तुला खंगताना बघूनही लपवलं. तुझ्या आईला अजून माहीत नाही. शिरूरला जाऊन हे पोस्टात टाकलं की घरी येऊन तिला सांगणार आहे. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. लग्न कर, नको करू, या घरी ये, नको येऊ. पण माझं पाप तुझ्या हातांवर घेऊ नको. दुपारी तू नळी सरळ केली होतीस, बाळा. ती सरळ नळी मी दुमडली.

तुझाच म्हणायला आता धजत नाही,
आबा