मावशीच्या मातीचे पैसे

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझा चेहरा आठवायचा तर मला आधी मावशीकडं बघावं लागतं. तुझं नाक तिच्याकडं आहे आणि तुझा हट्टही. तिच्याविषयीच लिहायचं आहे. जन्मभर पोस्टाची पिशवी खांद्याला लावून मी लोकांची पत्रं पोचवली, स्वतः मात्र कुणाला चार ओळी लिहिल्या नाहीत. तुला लिहायचा तर प्रश्नच नव्हता, तुला वाचता येत नव्हतं. आता तिकडं कुणाला वाचून दाखवायला लागत नसेल असं धरून चालतो. मावशीला सरकारचा निराधारचा पगार मिळत नाही, आणि तो न मिळण्याला मी दोनदा कारण झालो आहे. एकदा यंदा, आणि एकदा तू गेलीस त्या दिवसांत. यंदाचं आधी सांगतो, ते सांगायला सोपं आहे.

मावशीनं सत्तरी ओलांडली. तिच्या मागंपुढं कुणी नाही हे तुला ठाऊकच आहे. काका तुझ्या आधी गेले होते आणि लेकरू झालंच नाही. तिनं सगळी वर्षं शेरडांवर काढली. गेल्या दिवाळीपर्यंत चार शेरडं होती. मग गुडघे इतके धरले की त्यांच्यामागं रानात जाणं होईना. येरमाळ्याच्या बाजारात मी तिच्याबरोबर गेलो होतो. शेरडं गेली तरी ही आपली मोकळी दावी हातात धरून उभी. मी म्हणालो, "मावशे, आता काळजी करू नगं. पगार चालू करू." किती सहज म्हणालो. मला वाटायचं, या पगाराचं मला सगळं कळतं. पूर्वी तो मनीऑर्डरनं यायचा तेव्हा मीच वाटायचो. म्हाताऱ्या पारावर माझी वाट बघत बसायच्या, मी एकेकीचा अंगठा शाईवर टेकवायचो, आणि त्या मला काही ना काही खायला द्यायच्या. जिला देण्यासारखं काही नसायचं ती नुसतीच तोंडावरून हात फिरवायची. दोन महिन्यांत मावशीचं काम होईल असं मी गावात सांगूनही टाकलं.

अर्ज मी माझ्या हातानं भरला. वयाचा पुरावा, आधार, रेशनकार्ड, फोटो, सगळं. पगार कुठल्या खात्यात जमा करायचा ते कळावं म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स मागितली होती. पहिल्या पानाची, माय. मी सगळी पानं जोडली, आणि वर पोस्टातल्या ठेवीचा कागदही जोडला. का, ते विचार. मला त्या ठेवीचा अभिमान होता. दर वर्षी बोकड विकला की मावशी पैसे पदराच्या गाठीत बांधून माझ्याकडं आणायची, "माझ्या मातीचं हायत, नीट ठिव," म्हणायची, आणि मी ते ठेवीत टाकायचो. मुदत संपली की व्याजासकट परत टाकायचो. एका अडाणी बाईनं शेरडं राखून एवढं उभं केलं, तिच्या भाच्यानं ते वाढवलं, हे तालुक्याच्या साहेबानं बघावं असं मला वाटलं असणार. दुसरं कारण मला सापडत नाही.

तलाठी चौकशीला आला तेव्हा मावशीनं त्याला बिनदुधाचा चहा दिला आणि त्यानं तो प्यायला. चांगला माणूस आहे. त्यानं जे कागदावर होतं ते लिहिलं. अर्ज तीन महिने हलला नाही म्हणून मी कळंबला तहसीलमध्ये गेलो, तर तिथला कारकून, माझ्या पोराच्या वयाचा, फाइल उघडून म्हणाला, "काका, हा कागद कुणी जोडला?"

"मीच."

"मागितला व्हता का कुणी?"

"न्हाय."

"मग कशाला जोडायचा हो? आता मला काढता बी येत न्हाय. पानांवर नंबर पडलेत."

त्यानं समजावून सांगितलं. ठेवीचं व्याज हे उत्पन्न. ते आणि तिची मागच्या वर्षीची शेरडांची विक्री धरली की आकडा मर्यादेच्या वर जातो, आणि वर गेला की बाई निराधार राहत नाही. मी म्हणालो, "साहेब, त्या व्याजातला रुपया तिनं डोळ्यानं बघितलेला न्हाय. ते तिच्या मातीचं पैसं हायत. मेल्यावरचं. जितेपणी ती त्याला हात लावत न्हाय." त्यानं फाइल मिटली. "माझी आजी बी तसंच ठिवायची," म्हणाला. "पण काका, अर्जात तसा रकाना न्हाय. ठेव मोडा, वर्षभर त्यावर भागवा. संपली की उत्पन्नाचा नवा दाखला काढा आन माझ्याकडं या. जितकं उशिरा मोडाल तितका पगार उशिरा." मला त्याच्यावर रागवायचं होतं, पण तो इतका गरिबासारखा बोलला की माझा राग बसमध्ये बसल्यावर आला, आणि तोही माझ्यावरच.

मावशीला हे सांगायला गेलो तेव्हा ती रेशनचा तांदूळ निवडत होती. तिला रक्तदाबाची गोळी रोज सांगितली आहे, ती एक दिवसाआड घेते. मी गोळ्यांची पाकिटं नेली तर घरी आल्यावर ती माझ्याच पिशवीत परत निघतात. भाच्याला द्यायचं असतं, त्याचं खायचं नसतं, हे तिच्या डोक्यात पक्कं. मी जवळ बसलो आणि कारकून बोलला ते सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन वरीस संपायच्या आत मेले तर?"

"मी हाय की."

"तू हायस. आक्काला बी तूच व्हतास. पर आक्कानं तुझा एक पैसा लागू दिला का? कणगीतनं डबा काडलास तू. माझ्या डोळ्यांदेखत."

तुला ती अजून आक्काच म्हणते. मग दुसरी वाट काढली. "मग पैसे माझ्या नावावर करू. तसंच ऱ्हातील."

"तुझ्या नावावर ग्येलं की ती तुझी माती झाली," ती म्हणाली. "माझी न्हाय." आणि पुन्हा तांदळाकडं वळली. "सरकारला म्हनावं, मी उपाशी न्हाय. येडाईशपथ, मी उपाशी न्हाय. पगार दिला तर दे, न्हाय तर ऱ्हाऊ दे. आक्कासारकी जाईन." यावर बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते मी तुझ्या तेराव्यापासून कुणाशी बोललेलो नाही.

तो डबा तुझा. ज्वारीच्या कणगीत तू खोल पुरून ठेवायचीस. उन्हाळ्यात ज्वारी खाली गेली की त्याचं झाकण दिसायला लागायचं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. चैत्रातली येडाईची यात्रा, आणि मला गारेगार खायचं होतं. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस, मी कणगीत वाकून झाकणाला हात घातला आणि तुझा पिठाचा हात माझ्या पाठीत बसला. तू कधी मारायची नाहीस, म्हणून तो अजून लक्षात आहे. "त्यात माझी माती हाय," म्हणालीस. "जितेपनी कुनाम्होरं हात पसरला न्हाय, मेल्यावर बी पसरनार न्हाय." मी रडतोय बघून भाकरीचा पापुद्रा काढून त्यावर गूळ घालून दिलास. मला वाटलं, डब्यात खरोखरच माती आहे. बरीच वर्षं वाटत होतं.

मग मी पोस्टात लागलो. पाच गावांची डाक, आणि सायकल पाहिजे अशी अट. तू बाजारला गेलीस आणि संध्याकाळी एका माणसाबरोबर सायकल ढकलत आलीस. जुनी, पण घंटी नवी बसवलेली. मी विचारलं तर "शेरडू इकलं" म्हणालीस. दावणीला शेरडं किती आहेत हे मी त्या दिवशी मोजलं नाही. माय, मी त्यानंतरही मोजलं नाही. अंगणात तीन फेऱ्या मारून तुला घंटी वाजवून दाखवली, आणि तू तोंडाला पदर लावून हसत होतीस, एवढंच माझ्याजवळ आहे.

तू गेलीस तेव्हा ज्वारी नुकतीच भरलेली. मी कोपरापर्यंत हात घालून डबा काढला. घरात कुणी नव्हतं, सगळे ओट्यावर. झाकण उघडलं तर आत सायकलच्या दुकानाची पावती होती, चार घड्या घातलेली. दुसरं काही नाही. बाहेरून थोरल्या चुलत्याचा आवाज येत होता, "तेराव्याचं कसं करनार? का वर्गणी काडायची?" चार लोकांत तो असं बोलला, तुझ्या दारात. मी डबा पुन्हा पुरला. दुसऱ्या दिवशी आमच्या पोस्टमास्तरांकडून उसने पैसे आणले, आणून डब्यात भरले, डबा कणगीत घातला, आणि सगळे भावकीतले बसलेले असताना त्यांच्यासमोर बाहेर काढला. ज्वारीचे दाणे चिकटलेले तसेच. "आईनं ठेवलंय," म्हणालो. चुलत्याची मान खाली गेली, आणि मला इतका आनंद झाला की तुझ्या मरणाचं दुःख घटकाभर विसरलो. मावशी कोपऱ्यात बसली होती. ती हुंदका देऊन म्हणाली, "आक्कानं सोताचं सोता केलं." त्याच्या पुढच्याच बाजारी तिनं बोकडाचे पहिले पैसे माझ्याकडं आणले.

आता तू मला सांग, मी हे तिला कसं सांगू? ज्या बाईकडं बघून तिनं पोटाला चिमटा घेतला, तिचा डबा रिकामा होता. तू तुझी माती मोडून मला सायकल घेऊन दिलीस. हे मी सांगितलं तर मावशी ठेव मोडेल, मला खात्री आहे. "आक्कानं मोडली तर म्या बी मोडते," म्हणेल. वर्षानं का होईना पगार सुरू होईल, गोळी रोज पोटात जाईल. आणि सांगितलं तर इतकी वर्षं तिनं ज्याच्या जोरावर मान ताठ ठेवली ते जाईल. गावात तुझं नाव अजून निघतं, तेही जाईल. आणि माझं? मी तिच्याशी खोटा वागलो हे तर आहेच. कधीकधी मला तुझाच राग येतो. ती पावती तू चुलीत का नाही घातलीस? मग मला निदान वाटलं असतं की पैसे चोरीला गेले.

आज सकाळी ठरवून गेलो. मोटारसायकल घरी ठेवली आणि तुझी सायकल काढली, तिच्या टायरांत हवा भरली. म्हटलं, सायकल दारात उभी करायची, तिच्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मावशे, आईची माती ही बघ. चढावर दोनदा उतरलो. दम लागला, आता माझंही वय झालं. मावशीनं सायकल बघितली आणि उठून आली, सीटवरची धूळ पदरानं पुसली. "आक्कानं शेरडू इकून घिऊन दिल्ती तुला," म्हणाली. म्हणजे तिलाही तू तेच सांगितलं होतंस. मी सायकल भिंतीला लावली.

"बस, सायकलीवर आलास, दमलास," म्हणत तिनं ताट पुढं केलं. त्यात एक धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी. ते तिचं दुपारचं होतं, मला कळत होतं. नको म्हणालो असतो तर तिला लागलं असतं. मी खाल्लं. सबंध खाल्लं, तुकडाही ठेवला नाही, कारण ठेवला असता तर तो तिनं माझ्यासमोर खाल्ला नसता. "अजून एक घे," म्हणत तिनं टोपल्याकडं हात नेला. टोपल्यावर फडकं होतं आणि फडक्याखाली काही नव्हतं, ते मी आत येतानाच बघितलं होतं. "नगं मावशे," मी म्हणालो, "पोट भरलं." तिनं हात मागं घेतला. "आता दुपारपातूर जेवायचं बघायला नगं," म्हणाली आणि समाधानानं भिंतीला टेकली. मी तसाच उठलो. डब्याचं काही बोललो नाही. उद्याही बोलेन असं वाटत नाही.

हा कागद मी तिच्या अर्जाच्या फाइलीत ठेवणार आहे, अर्जाची माझ्याकडची प्रत असते त्या. तीही कुठं जात नाही, हाही जाणार नाही. एकच सांगायचं राहिलं. पोट भरलं म्हणालो तेव्हा, माय, मला भूक होती.