चौथा बोल्ट

सोमवार, ४ मार्च

सकाळी नऊला कामावर रुजू झालो. इमारत सात मजली, दवाखाने आणि कचेऱ्यांची. पॅनेलची खोली तळघरात आहे, पण रस्त्याच्या पातळीवर लांबट खिडकी असल्यामुळे ऊन येतं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात. खोली आवडली. टेबल, स्टूल, चहाची शेगडी, सगळं माझ्या धाकट्या भावाने लावलं होतं तसंच आहे.

धाकटा इथेच वायरमन होता. डिसेंबरात चौथ्या मजल्यावर काम करताना शॉक लागून गेला. ही जागा मी मागून घेतली. तपासणीच्या कागदावर ‘मेन स्विचला कुलूप न लावता काम केले’ असं लिहिलंय. त्याची बायको ते मानत नाही. निघताना ती एवढंच म्हणाली, की दादा, किल्ली त्यांच्या खिशात सापडली, मग कुलूप नव्हतं कसं, तेवढं विचारून या.

जनरेटर सांभाळणाऱ्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याला हळू बोलताच येत नाही. त्याने मला ‘थोरले’ करून टाकलं आणि मजल्यामजल्यावर ओळख करून दिली. मी बिनसाखरेचा चहा घेतो हे पाहून म्हणाला, की थोरले, तुम्ही एवढे कोरडे, तुम्हाला शॉकसुद्धा लागायचा नाही. मग एकदम नसलेलं डिझेल बघायला निघून गेला.

मला हसू आलं होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मंगळवार, ५ मार्च

सगळी लाइन पायी फिरून पाहिली. बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरवरून वीज तळघरातल्या मेन स्विचला येते. तिथून तांब्याच्या जाड पट्ट्या भिंतीतल्या उभ्या डक्टमधून सातव्यापर्यंत चढतात आणि मजल्यामजल्यावर त्यांना फाटे फुटतात. मेन बंद केला की अख्खी इमारत मेली. म्हणूनच कुणी वर हात घालणार असेल तर मेनचा दांडा खाली ओढून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. काम संपल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. एक कुलूप, एक किल्ली. हे धाकट्याला मीच शिकवलं.

चौथ्या मजल्यावर डक्टचं झाकण उघडलं. पट्ट्यांच्या जोडाला चार बोल्ट. आवळलेल्या बोल्टवर धाकटा बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, म्हणजे कुठला झाला आणि कुठला राहिला ते कळतं. वहिनींना नेलपॉलिश पुरत नाही, अशी सगळे थट्टा करायचे. तीन बोल्टांवर ठिपका आहे. चौथा कोरा. जोडाजवळ हात नेला तरी धग लागते.

शनिवारी अर्धा तास वीज बंद ठेवायची परवानगी मागितली. सुपरवायझर म्हणाला, बघू.

गुरुवार, ७ मार्च

अकरा वाजता सगळी इमारत बंद पडली. धावत खोलीत आलो. मेनचा दांडा खाली, त्याला लाल कुलूप. धाकट्याचं. त्यावर त्याच्या हाताने रंगवलेलं ‘माणूस वर आहे’.

हे कुलूप त्याच्या सामानाबरोबर मला मिळालं होतं. ते माझ्या ट्रंकेत होतं. ट्रंकही बंद होती, मी नंतर जाऊन पाहिली. आत घड्याळ आणि चप्पल तेवढी होती.

कुणाची तरी घाणेरडी चेष्टा, असं स्वतःला सांगितलं. धाकट्याच्या खिशातली किल्ली माझ्या जुडग्यात होती. कुलूप काढलं. कुणी वर नाही हे चौथ्यापर्यंत जाऊन पाहिलं, मगच दांडा उचलला.

भोंग्याने कुलूप पाहिलं. पहिल्यांदाच हळू बोलला. धाकटा गेला त्या दिवशीही असंच लागलेलं होतं म्हणाला. दवाखान्यातून फोनवर फोन येत होते. सुपरवायझर म्हणाला, की धाकटा जेवायला गेला आणि कुलूप विसरला. सुपरवायझरने कुलूप उघडलं आणि भोंग्याने दांडा वर केला. मला काय माहीत हो थोरले, मला काय माहीत, असं किती वेळ चाललं होतं. डक्टमधून आवाज खाली आला, तो माणसाचा आहे हेही त्याला आधी कळलं नाही.

म्हणजे कुलूप होतं.

पण ते उघडलं कशाने, हे विचारायचं राहून गेलं.

सोमवार, ११ मार्च

भोंगा गेला.

दहा वाजता पुन्हा अंधार, पुन्हा लाल कुलूप. मी किल्ली शोधत होतो, एवढ्यात तो जनरेटर जोडायला चेंजओव्हरच्या दांड्याकडे गेला. जनरेटर सुरू नव्हता. मेन बंद होता. मी स्वतः टेस्टर लावला होता, दिवा लागला नव्हता. तारेत काहीच नव्हतं.

त्याने दांडा धरला आणि दांड्याने त्याला धरलं.

पाठ धनुष्यासारखी वाकली. दात एकमेकांवर आपटून फुटले, तुकडे माझ्या बाह्यांवर उडाले. बुटाचा तळवा फाटून धूर निघाला. लाकडी स्टुलाने मी त्याला हाणलं, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा तो सुटला. तळहाताची कातडी दांड्यालाच राहिली, मोज्यासारखी.

त्याने एकदाही आवाज केला नाही. तो भोंगा.

मंगळवार, १२ मार्च

तपासणीवाले आले. काही सापडलं नाही.

सुपरवायझरला विचारलं, त्या दिवशी कुलूप कशाने उघडलं. त्याने नजर चुकवली. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, ती तुमच्या भावानेच खोलीत खिळ्याला टांगली होती, सगळ्यांना दिसेल अशी. मी काय कुलूप फोडलं का?

किल्लीला हिरवा दोरा होता.

तो मी बांधला होता. धाकटा दर दोन महिन्यांनी किल्ली हरवायचा आणि कुलूप कापावं लागायचं. मागच्या वर्षी मीच वैतागून दुसरी करवून आणली. म्हटलं, वेंधळ्या, ही खिळ्याला राहू दे. तो म्हणालाही, दादा, एक कुलूप, एक किल्ली ना? मी म्हटलं, फार शहाणा होऊ नकोस.

दोरा कुणाचा ते सुपरवायझरला सांगितलं नाही.

गुरुवार, १४ मार्च

लाल कुलूप पुन्हा लागलं. सुपरवायझर मोठी कातर घेऊन आला. मी आडवा आलो. म्हणालो, वर कुणीतरी आहे, त्याचं काम झालेलं नाही. त्याने मला ढकललं. म्हणाला, दोघे भाऊ सारखेच, आज हे भंगारात.

कातर मिटली. पॅनेलचं दार उडून त्याच्यासकट भिंतीवर आदळलं. पांढरा उजेड — मग काही दिसेना. दिसायला लागलं तेव्हा तो बसला होता. भिंतीला टेकून. चेहरा नव्हता. जबडा हलत होता —

कुलपावर ओरखडासुद्धा नाही.

शुक्रवार, १५ मार्च

इमारत रिकामी केली. मला घरी जायला सांगितलं. गेलो नाही.

धाकट्याच्या बायकोला पत्र लिहिलं. तो विसरला नव्हता. कुलूप लावलं होतं. दुसऱ्या किल्लीने उघडलं. ती किल्ली कुणी केली तेही लिहिलं. तीनदा खोडलं. चौथ्यांदा राहू दिलं. पेटीत टाकून आलो.

उघडणारा गेला. दांडा उचलणारा गेला. आता —

शनिवार, १६ मार्च

सकाळी हिरव्या दोऱ्याची किल्ली करवतीने कापली. दोन तुकडे. नाल्यात टाकले.

मेन बंदच आहे. लाल कुलूप. ओढून पाहिलं, घट्ट आहे. त्याची किल्ली माझ्या खिशात. काम संपल्याशिवाय कुलूप निघत नाही. ते संपवतो.

चौथा मजला. वही गुडघ्यावर. डक्टमध्ये ऊन येतं थोडं. टेस्टर लावला. दिवा नाही. परत लावला. नाही.

नेलपॉलिशची बाटली उघडून ठेवली. त्याच्या पिशवीत होती. अजून ओली आहे.

खाली कुणी नाही. खाली कुणीच —

खिशात हात घातला. किल्ल्या दोन. दोरा बोटाला लागतोय.

चौथ्या बोल्टवर पाना बसला. टेस्टर अजून एकदा. नाही.

अर्धा फेरा राहिलाय. डावा हात पट्टीवर, मग अर्धा