कामेदा ओहोळाचा गाळ

प्रति,
मा. विभागप्रमुख,
जलपर्यावरण विभाग,
मिनाओ नगर कार्यालय

विषय : आओसे तळ्यात येणाऱ्या, वर्षानुवर्षे न विरणाऱ्या रसायनांचा उगम शोधण्यासाठी कामेदा ओहोळातील गाळ तपासण्याबाबत.
संदर्भ : माझे सहा अर्ज व आपली सहा एकसारखी उत्तरे.

महोदय,

"हळू ओढ रे दाताळं, तळ्याच्या पोटात लेकरं झोपलीत," असे माझी आई नावेतून ओरडायची. बोटाच्या पेराहून लहान शिंपली ती पाण्यात परत सोडायची. त्याच तळ्यात शिंपल्या काढायला चार वर्षे बंदी आहे, हे आपणांस विदित आहेच.

१. पाच ठिकाणचे पाणी तपासून आपण नागिरा हिसाए यांच्या छत्री-कारखान्याकडे बोट दाखवलेत. का, तर तेथे कापडाला पाणी न धरणारा लेप देतात आणि त्या लेपात ही रसायने असतात. कारखान्याच्या वरच्या अंगाला वाहणाऱ्या कामेदा ओहोळात मात्र एकदाही बाटली बुडवली नाही.

२. तलाव विभाग म्हणतो, ओहोळ म्हणजे तलाव नव्हे. नदी विभाग म्हणतो, हिवाळ्यात आटते ती नदी कसली. सांडपाणी विभागाच्या मते ते पावसाचे पाणी, आणि शेती विभागाच्या मते काठाला शेतच उरलेले नाही. ओहोळ कोणाच्याच नकाशात नाही. विषाला तेवढी त्याची वाट ठाऊक आहे.

३. वस्तीची सूचना-पाटी वाचल्याचे शिक्के घेत घरोघर फिरते, ती हल्ली हिसाएबाईंचे दार वगळून. बाजारात मासळीवाला मोरिवाकी विचारतो, "काय हिसाएबाई, आज तळ्याला कुठली छत्री पाजलीत?" बाईही सोडत नाहीत : "तुमच्या तोंडावर उघडायची एक राखून ठेवलीय!" पण परवा मला म्हणाल्या, "तोगाशीसान, रोज नाही-नाही म्हणून जीभ झिजली हो. महिनाअखेर कारखान्याला कुलूप लावते."

४. आपले प्रत्येक उत्तर एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : 'ओहोळावर संशय घेण्यास आधार काय?' सहाही वेळा मी 'स्थानिक माहिती' असे लिहिले. सातव्यांदा तसे लिहवत नाही.

आधार असा. सत्तावीस वर्षांपूर्वी मी वस्तीच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाचे भांडार सांभाळत होतो. आग विझवणाऱ्या फेसाच्या द्रवाची मुदत संपली; त्यातही तीच न विरणारी रसायने असतात. पिंपे रिकामी करून पुरवठादाराला परत द्यायची होती. परत द्यायची वस्तू धुऊन द्यावी, ही आपली रीत. नऊ पिंपे मी देवळामागे ओहोळात ओतली आणि प्रत्येक पिंप तीन-तीनदा खळखळून धुतले. स्वच्छतेबद्दल पुरवठादाराचे आभाराचे पत्र आले. ते मी जपून ठेवले होते. सोबत जोडले आहे.

तरी नागिरा हिसाए यांचे नाव आपल्या कागदावरून काढावे व तेथे माझे लिहावे. ओतणारा मी होतो.

आपला नम्र व अपराधी,
तोगाशी ऱ्योकिची
(सही व शिक्का)
१७ जून, रेइवा ६ (इ.स. २०२४)