मामाचा जर्मन टाइपरायटर

४ मार्च
आले एकदाची! मामाने दारातच बॅग हिसकावून घेतली आणि घड्याळवाली आली म्हणून मामीला ओरडून सांगितलं. माझं दुरुस्तीचं दुकान बंद पडल्यापासून या नावाने कुणी हाक मारली नव्हती. फार बरं वाटलं. मामा जुनी यंत्रं दुरुस्त करून संग्रह करणाऱ्यांना देतो; त्याच कामात मदतीला मला बोलावलंय. सध्या टेबलावर एक जर्मन टाइपरायटर आहे: काळाकुळकुळीत, काचेच्या गोल कळा, झाडून सगळ्या अडकलेल्या. मामीची बोटं कित्येक वर्षं वळत नाहीत. मामा तिला स्वतःच्या हाताने भरवतो. असा नवरा लाखात एक, असं मी बोलूनही गेले. मामी नुसती हसली.

६ मार्च
मामाची पद्धत न्यारी. हातमोजे चालणार नाहीत, बोटाला अंदाज लागला पाहिजे. आणि टायपिंगच्या क्लासात शिकवतात तसं, ज्या बोटाची कळ त्याच बोटाने मोकळी करायची. आज डावी करंगळी. थेंबभर रॉकेल सोडायचं आणि दाबत बसायचं. दुपारी पहिली कळ टक्कन वाजली. मामाने टाळ्या पिटल्या. एवढं कौतुक माझं माझ्या बापानेही केलं नाही.

७ मार्च
डावी करंगळी वाकत नाही. अवघडली असेल. अनामिकेच्या कळा झाल्या.

९ मार्च
डाव्या हाताची चारही बोटं लाकूड झालीत. सुई टोचून पाहिली, काही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, शिरा आखडल्यात, आराम करा. घड्याळवालीची बोटं गेली तर राहिलं काय? मामापुढे रडले. त्याने डोक्यावर हात ठेवून सांगितलं, हे यंत्र असंच आहे. मामीचंही यानेच झालं. तिने काम अर्धवट टाकलं, कळा पुन्हा अडकल्या आणि ती तशीच राहिली. शेवटची कळ सुटली की बोटं परत येतात म्हणे. आधी का नाही सांगितलं, असं विचारलं, तर म्हणाला, तू आली असतीस का?

राग गिळला. मामावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

११ मार्च
उजवी करंगळी, अनामिका, मधलं बोट. दातओठ खाऊन केलं. पेन्सिल उरलेल्या दोन बोटांत धरून लिहितेय.

१२ मार्च
मामी स्वयंपाकघरात मटार सोलत होती. स्वतःच्या हातांनी. मला पाहून हात टेबलाखाली घेतले, पण मी मोजली. तिची सात बोटं चालतात. माझी सात गेली आहेत.

मामाला जाब विचारला. तो खाली बघत म्हणाला, तीस वर्षं भरवतोय गं तिला. मला बोलवायचं मामीनेच सुचवलं होतं, हेही त्यानेच सांगितलं.

आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, वहिनीने फार भोगलंय गं.

आईसुद्धा—

१३ मार्च
बाहेरून कडी. टाइपरायटर माझ्या खोलीत. हात लावणार नाही. मरेन पण—

१४ मार्च
मामाने खांदे दाबून धरले. मामीने माझी तर्जनी कळांवर— टक्कन वाजल्या. एकेक करून सगळ्या. ती रडत होती, पण थांबली नाही.

आता फक्त खालची लांब पट्टी. अंगठ्यांची.

पेन्सिल मेलेल्या बोटावर टेकवून अंगठ्याने दाबून धरलीय—

दुपार
दोघं आत आलीत. मामी म्हणते, नुसत्या अंगठ्यांचं तू काय करणार, दे बाळा. पेन्सिल ओढतेय— आठ बोटांनी— मी लिहीतच राहणार— लिहितेय तोवर अंगठा माझ