चार वृद्ध, हलवता येण्याजोगे

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही माझ्या बायकोचे थोरले भाऊ, तेव्हा सुरुवातीलाच तुमच्या नावामागे आदराचे आणखी दोन-चार शब्द लावायला हवेत; पण माझ्याकडचे होते नव्हते तेवढे सगळे गेल्या महिन्यात तुमच्या वडिलांची समजूत काढण्यात खर्ची पडले. तुमची पाठ कशी आहे? आणि वहिनींचा गुडघा? (मागच्या पत्रात तुम्ही दोन्ही दुखणी एकाच वाक्यात उरकली होतीत. त्यामुळे पाठ वहिनींची आणि गुडघा तुमचा, की उलट, यावर आमच्याकडे दोन दिवस वाद झाला. ज्याचं जे दुखत असेल ते थांबलं असेल अशी आशा करतो.) इकडे आम्ही तिघंही खाऊनपिऊन ठणठणीत आहोत. तिघांपैकी दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच.

नानांचं पत्र तुम्हाला पोचलंच असेल. मुलीच्या घरी बारा वर्षं काढली, आता पुढच्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी तुझ्याकडे कायमचा येतो, असं त्यात असणार, आणि कारण म्हणून 'जावई' एवढा एकच शब्द. नाना शब्दही मापून वापरतात हे तुम्हाला मी काय सांगायचं. सदतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानादुकानांत तराजू तपासत फिरलेला माणूस, आता निवृत्तीनंतर तपासायला घर तेवढंच उरलं आहे. पण मापात का होईना, दुसरी बाजू तुमच्या कानावर जायला हवी, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या घरासमोर रस्ता दुभंगतो तिथली तिकोनी जागा तुम्हाला आठवत असेल. एक झाड, एक सिमेंटचा बाक, आणि त्या बाकावर रोज संध्याकाळी पाच ते सात नाना, निवृत्त दंतवैद्य, बँडवाले आणि शिंपी. तर झालं असं, की शहरातल्या पडीक सरकारी जागा पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायच्या आणि तिथे दिव्यांचे, हलत्या चित्रांचे जाहिरातफलक उभे करायचे, असा ठराव आमच्या ऑफिसात झाला. जागांची यादी करायचं काम मालमत्ता विभागाकडे आलं, विभागाने ते साहेबांकडे दिलं, आणि साहेबांनी मान वर न करता माझ्याकडे सरकवलं. प्रत्येक जागी जाऊन पाहणी करावी, असा आदेश होता. आमच्याकडे पाहणी खुर्चीत बसून होते. (यात आळस नाही. बाहेर गेलं की जागा जशी आहे तशी दिसते, मग फॉर्म भरताना फार त्रास होतो.) पंखा लावला, नकाशा पसरला आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्रेचाळीस जागा पाहून झाल्या.

चव्वेचाळिसावी आपली तिकोनी जागा. आता त्या दिवशी सकाळीच काय झालं होतं ते ऐका. मी आंघोळीला गेलो तर बाहेर नाना लिटरचं माप घेऊन उभे, आणि बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं की माझ्या आकाराच्या माणसाला एकोणीस लिटर पाणी पुरतं, मी एकतीस वापरलं. 'माझ्या आकाराच्या' हे शब्द मी ऑफिसपर्यंत चघळत गेलो होतो. त्यात फॉर्मच्या नवव्या रकान्यात 'जागेवरील वस्तू, आणि त्या हलवता येण्याजोग्या आहेत का' असं विचारलेलं, आणि तो रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. मी लिहिलं: 'झाड एक, न हलणारे. बाक एक, हलवता येण्याजोगा. निरुपयोगी वृद्ध चार, हलवता येण्याजोगे.' लिहून एकटाच हसलो. जेवून आल्यावर खोडणार होतो, पण जेवणानंतर आमच्या विभागात कुणी काही खोडत नाही, तशी प्रथाच आहे. आणि आमचा कुठलाही फॉर्म आजवर कुणी वाचलेला नाही, हा माझा अठरा वर्षांचा अनुभव होता.

तो अनुभव खराच निघाला. कुणीच वाचला नाही. साहेबांनी न वाचता सही केली, कॉम्प्युटरने न वाचता नोटीस छापली आणि शिपायाने न वाचता ती नेऊन बाकाच्या पाठीवर चिकटवली. वाचली ती थेट नानांनी, चष्मा पुसून, बाकीच्या तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात. खाली तपासणाऱ्याचं म्हणून माझं नाव, हुद्दा, सगळं होतं. बँडवाले म्हणे आधी हसले, आणि चौथा वृद्ध म्हणजे आपण, हे लक्षात आल्यावर थांबले.

घरी आल्यावर नाना आरडाओरडा करतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी तसलं काही केलं नाही. ते तुमच्या बहिणीला म्हणाले, "तुझ्या घरात मी वस्तू आहे, आणि तीही हलवता येण्याजोगी. ठीक आहे. फलक उभा राहिला, की मी हललो." एवढं बोलून त्यांनी कपाटावरची बॅग काढली आणि दाराशी नेऊन ठेवली. तेव्हापासून ती तिथेच आहे. येता-जाता मला तिची ठेच लागते, आणि ठेच लागली की तुमची बहीण माझ्याकडे बघते. (ती कुणाच्या बाजूने आहे असं तुम्ही विचाराल. बॅग रोज पुसते ती तीच.)

दुसऱ्या दिवशी नानांनी हरकतीचा अर्ज लिहिला. हरकती घ्यायचं टेबल आमच्या विभागात माझंच. तेव्हा अर्ज त्यांनी रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि पोच मागितली. शिक्का ऑफिसात आहे, असं मी तुमच्या बहिणीमार्फत कळवलं. (आमचं सगळं बोलणं हल्ली तिच्यामार्फतच होतं, पाण्याचा जग हवा असला तरी.) सकाळी एकाच घरातून, एकाच बसने, पुढच्या आणि मागच्या दारातून चढून आम्ही दोघं ऑफिसला गेलो. तिथे ते पाऊण तास रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर मला 'लिपिक महोदय' म्हणाले. मी त्यांचं नाव विचारलं. काय करणार, पद्धत आहे. अर्जाला तीन नकाशे होते, आणि मी फॉर्मात दिलेली लांबी सव्वा फुटाने चुकली आहे हे टेपने मोजून सिद्ध केलेलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, आजोबा फार हुशार दिसतात, कोण आहेत? मी म्हटलं, अर्जदार.

सुनावणी लागली. साहेबांनी ठरवलं की पाहणीला आता खरोखरच जायचं आणि जागा वापरात आहे की नाही ते डोळ्यांनी बघायचं. आमच्या विभागात खळबळ उडाली, साहेबांना चालत जायचा रस्ता कुणाला माहीत नव्हता. इकडे नाना कामाला लागले. पाहणीच्या दिवशी ती तिकोनी जागा इतकी वापरात होती, की झाडाला टेकायला जागा नव्हती. बँडवाल्यांनी जुने सोबती बोलावून तालीम लावली होती. शिंप्याने मशीन आणून मांडलं होतं आणि गिऱ्हाइकांची मापं घेत होता. दंतवैद्य बाकावर एकेकाला तोंड उघडायला लावून बॅटरीने दात बघत होते. दोन गल्ल्यांतल्या बायका गाद्या घेऊन उन्हात बसल्या होत्या, व्यायाम करणारे व्यायाम करत होते, आणि कुणाचं तरी लग्न ठरवायची बैठकसुद्धा एका कोपऱ्यात चालली होती. (ते खरंच ठरलं.) साहेब बघतच राहिले. इतक्या गर्दीची जागा पडीक कशी म्हणता येईल, असं त्यांनी मला चारचौघांत विचारलं, आणि दादा, खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, फलक गेला, बॅग कपाटावर गेली.

पण साहेबांबरोबर जाहिरात कंपनीचा माणूस आला होता. कडक इस्त्रीचा, हातात माणसं मोजायचं ते टकटक वाजणारं यंत्र. तो एका कोपऱ्यात उभा राहून गर्दी मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने शहाण्णव आकडा लिहिला. नाना शेजारीच उभे होते. आता सदतीस वर्षांत ज्याने कुणाचं चुकीचं माप चालवून घेतलं नाही, तो माणूस गप्प कसा बसणार? नाना म्हणाले, "झाडामागचे धरले नाहीत तुम्ही. परत मोजा." त्याने परत मोजले. तरी चुकले. शेवटी नानांनी ते यंत्र त्याच्या हातातून घेतलं, सगळ्यांना जागच्या जागी थांबायला लावलं, ओळीने मोजलं, आकडा एकशे एक्केचाळीस भरला, आणि कागदावर 'मोजणी बरोबर आहे' असं लिहून खाली तारखेसह सही ठोकली. मी लांबून हात हलवत होतो, डोळे मोठे करत होतो, पण आमचं बोलणं बंद, त्यामुळे खुणाही बंद. जिथे एवढी माणसं जमतात तिथे एवढी माणसं जाहिरात बघणार, हे कंपनीच्या माणसाने साहेबांना तिथल्या तिथे समजावून दिलं. आपली जागा 'क' वर्गातून उचलून 'अ' वर्गात टाकली गेली आणि नानांची हरकत नानांच्याच सहीने निकालात निघाली.

फलक तीन आठवड्यांत उभा राहिला. दुमजली घराएवढा आहे. संध्याकाळ झाली की दर दहा सेकंदांनी आमची बैठकीची खोली रंग बदलते. परवा पाहुणे आले होते. तुमची बहीण हिरवी दिसली तेव्हा त्यांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि जांभळी झाल्यावर घाईने उठले. बाक काढायचं ठरलं होतं, पण आता कंपनीलाच बाक हवा आहे आणि वृद्धही हवे आहेत, गर्दी दिसावी म्हणून. फक्त बाकाचं तोंड त्यांनी रस्त्याकडून फलकाकडे फिरवलं. चौघांना आता रस्ता दिसत नाही. कोण कुणाबरोबर गेलं, कुणी नवी गाडी घेतली, हे सगळं पाठीमागे घडतं. समोर गादीच्या जाहिरातीत वीस फुटांची बाई झोपलेली असते, तर ती असेपर्यंत हे लोक आवाज खाली आणून बोलतात. टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या हसऱ्या तरुणाची वरची दाढ किडली आहे, असं दंतवैद्यांचं मत आहे, आणि ते रोज त्या वेळी उभे राहून बोट दाखवतात.

माझी चूक मला कबूल आहे. भाडेपट्ट्यात दर तासाला दहा सेकंद लोकहिताच्या सूचनेसाठी राखीव आहेत. नानांनी (तुमच्या बहिणीमार्फत) कळवलं, की अपमान जाहीर होता, दुरुस्तीही जाहीर हवी. साहेबांच्या नाकदुऱ्या काढून मी तेही केलं. गेल्या सोमवारी पाच वाजता फलकावर चार फुटांच्या अक्षरांत आलं: 'शुद्धिपत्रक. या जागेवरील चार वृद्ध निरुपयोगी नाहीत व हलवता येण्याजोगे नाहीत. मालमत्ता विभाग.' बँडवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नाना घड्याळ घेऊन बसले होते. सूचना नऊच सेकंद दिसली, असं त्यांनी नोंदवलं. बॅग दाराशीच आहे.

तेव्हा दादा, आता माझा इलाज खुंटला. बुधवारी ते येतील. त्यांना झोपताना उशी उंच लागते, आणि तुमचा वजनकाटा ते आल्याबरोबर तपासतील, तेवढा आधीच दुरुस्त करून घ्या. आमची काही हरकत नाही. इतकी वर्षं आम्ही त्यांचा सहवास भोगला, आता तुमची पाळी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद तुमच्या बहिणीने वाचायला मागितला म्हणून तसा लिहिला. ती आत गेली आहे, म्हणून घाईने लिहितो: दादा, त्यांना येऊ देऊ नका. घराला रंग देतोय म्हणा, पाहुणे आहेत म्हणा, गुडघ्याचं ऑपरेशन काढलंय म्हणा (ज्याचा असेल त्याचा). परवा मी आंघोळीला एकोणीस लिटरच पाणी घेतलं आणि बाहेर आलो तर मोजायला कुणी उभं नव्हतं. फार वाईट वाटलं. मला ते घरात हवे आहेत. हे त्यांच्यापाशी कृपा करून बोलू नका.

ता. क. २. वाचून पत्र लगेच फाडून टाका. तिकीट किती लावायचं यासाठी आमच्याकडे प्रत्येक पाकिटाचं वजन नाना करतात, तेव्हा जाणार त्यांच्याच हातून. पण डिंक भरपूर लावला आहे.

ता. क. ३. चि. दादास आशीर्वाद. पाकीट वजनाला चार ग्रॅम जास्त भरलं. एखादा कागद कमी करता येईल का, ते पाहण्यासाठी उघडलं. कमी करण्यासारखा मजकूर पुष्कळ आहे, पण राहू दिला, जास्तीचं तिकीट मी लावलं आहे. बुधवारचं माझं येणं रद्द. मात्र हे जावयाला कळवू नकोस. माझी मनधरणी करायला तो हल्ली ऑफिसातून आला की रोज अर्धा तास बाकावर माझ्याशेजारी येऊन बसतो. बोलत नाही, पण बसतो. बारा वर्षांत एकदाही आला नव्हता. तेव्हा नाना येणार हे नक्की आहे, असंच त्याला अधूनमधून लिहीत जा.