रंभाचा खरा फोटो

२ मार्च १९८४, सावली
आज नोकरीवर रुजू झाले. चंद्रपूरला मामांच्या स्टुडिओत रिटचिंग शिकले, ते सार्थकी लागलं. मालक गुणवंतराव भला माणूस. राहायला घरामागची खोली दिली, जेवायला लाखोळीची डाळ आणि भात. माझं टेबल खिडकीजवळ. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड घ्यायचा, टोकदार पेन्सिलीनं डाग भरत जायचे. फोटोत कातडी नितळ निघते. गुणवंतराव आल्यागेल्याला सांगत होते, "सत्यशीलाबाई आल्या, आता काळी पोरगीही गोरी निघन." मला फार बरं वाटलं.

९ मार्च
अंजनाबाई आपल्या रंभाला घेऊन आल्या. सोयरिकीसाठी फोटो हवा. रंभा एकोणीस वर्षांची, हसण्यात अजिबात कंजुषी नाही. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यांचे व्रण तोंडभर. गुणवंतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, एकही दिसता कामा नये.

१२ मार्च
दोन दिवस मान मोडून काम केलं. फोटो पाहून अंजनाबाई हरखल्या. रंभानं फोटो हातात घेतला. मग म्हणाली, "बाई, हे मी नाई. ते लोकं आले का त्याइले मीच दिसन ना?"
मी हसण्यावारी नेलं. सगळ्याच मुलींचे फोटो असे करतो म्हटलं.

२५ मार्च
बल्लारपूरच्या मुलाकडच्यांना फोटो पसंत पडला आणि काल ते पाहायला आले. रंभा चहा घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईनं पिशवीतून फोटो काढला, तिच्या गालाशी धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, फोटोतली पोरगी दाखवा. फोटो तिथंच टाकून, चहा न पिता उठले.
गुणवंतराव म्हणतात, आपला काय दोष?

२८ मार्च
रंभा तलावात सापडली.
मी मातीला गेले नाही. दिवसभर बसून दुसऱ्या तीन मुलींचे डाग भरले.

६ एप्रिल
अंजनाबाई फोटो परत घेऊन आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "माह्या पोरीचा खरा फोटो दे. आता तिची याद केली का हेच तोंड समोर येते. माही रंभा दिसतच नाई."
टर्पेंटाइननं निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली की मूळ चेहरा निघतो. उद्या देते म्हटलं.

७ एप्रिल
पुसली. कापूस काळा झाला. खाली व्रण नाहीत. पुन्हा पुसली. एकही नाही. चेहरा तसाच नितळ. असं होऊच शकत नाही —
मलाही ती आठवत नाही. हसायची, एवढंच.

९ एप्रिल
निगेटिव्ह चाकूनं खरवडली की फोटोत डाग उमटतो. अंजनाबाईंना शेजारी बसवलं. त्या सांगत गेल्या, मी खरवडत गेले. "डाव्या गालावर तीन. हनवटीवर एक, खोल. कपाराले दोन." आईच्या बोटांना सगळं पाठ होतं. बोटं हवेत फिरत होती.
दर वेळी माझ्या तोंडावर त्याच जागी आग व्हायची. तरी चाकू थांबवला नाही.

१० एप्रिल
निगेटिव्ह पुन्हा नितळ. एक ओरखडा नाही.
मालकीणबाई विचारतात, तोंडाला काय झालं? आरसा पाहिला. डाव्या गालावर तीन. हनवटीवर —

११ एप्रिल
अंजनाबाई आल्या. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. आज रडल्या. म्हणाल्या, "रंभा, किती वाट पाहाले लावली व. चाल घरी."
सांगायला गेले, मी सत्यशीला. नाव ओठांवर येईना. हात सोडवता येईना. सोडवावासा वाटेना —
कपडे घेते सांगून आत आले. माय बाहेर बाकावर बसली आहे. हाका मारते. घाईनं लिहिते. गुणवंतरावांनी वाचलं तर — मला अडवा. माझ्या मामांना कळवा. मी ती नाही, मी तिचं फक्त तोंड — माय उठली. येऊन राह्यली. गुणवंतराव, मले जाऊ देऊ नका, मले