बावीस गावांची दोन

हिंटररूटी,
सोमवार, ६ मे

प्रिय काश्पर,

अनेक आशीर्वाद. आठ वर्षांनी माझं अक्षर पाकिटावर बघून दचकला असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. इकडे सगळे ठीक. डोराचा गुडघा कुरकुरतो, तिच्याइतकाच. वरच्या कुरणांवर अजून बर्फ आहे, गुरं वर न्यायला महिना तरी लागेल. तुला तिकडे विंटरथूरला बर्फाची आठवण येते का, ते कळव.

काल चौकात भरलेल्या सगळ्या प्रांताच्या सभेचं रेडिओवर ऐकलंच असशील. मी तिथे होतो, तरी मला अजून खरं वाटत नाही. सकाळपासून तीनदा कॉफी गाळली आणि तिन्ही वेळा प्यायची विसरलो.

तुला ठाऊक आहेच, सरकारचा ठराव आठ नगरपालिकांचा होता. बावीस गावांची आठ करायची. आपण मात्तबाखच्या लोकांबरोबर जायचं, ज्यांच्या मैदानावर आपल्या पोरांना फुटबॉलसुद्धा खेळू देत नाहीत! आम्ही तो ठराव पाडायलाच गेलो होतो. आमच्या गावचे साठेक जण मतदारांच्या रिंगणात डाव्या बाजूला उभे. सरकारचं माणूस बोललं, विरोधातले दोघं बोलले, सगळं ठरल्यासारखं. आणि मग मंचावर एक बाई चढली आणि म्हणाली, आठ कशाला? दोनच करा. एक वरची दरी, एक खालची.

रिंगणात आधी हशा झाला. मग टाळ्या. एवढ्या टाळ्या मी त्या चौकात कधी ऐकल्या नव्हत्या.

मग नियमाप्रमाणे आधी आठ की दोन, हे मत, ज्याचं त्याचं मतदानाचं कार्ड वर धरून. कार्डं वर गेली. दोन जिंकलं. मी म्हटलं, वा! मेला ठराव. आता 'दोन' विरुद्ध 'आहे तसंच राहू दे', आणि दोनला कोण वेडा हो म्हणणार? सभापतींनी पुकारलं. कार्डं वर गेली. सभापती मोजत नाहीत, नुसते बघतात, तू विसरला नसशील. त्यांनी बघितलं. पुन्हा मत घेतलं. पुन्हा बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दोन मंजूर."

काश्पर, कुणी ओरडलं नाही. हजारो माणसं आणि आवाज नाही. माझ्या शेजारी हाइरी खानावळवाला होता. तो म्हणाला, "मेल्क, मी बरोबर ऐकलं का रे?" हिंटररूटी गेलं. सहाशे वर्षांचं गाव जेवणाच्या वेळेआधी गेलं. दुपारी पानात नेहमीचं सॉसेज, बटाटे आणि आलुबुखार होते, साठ माणसं एका लांब टेबलावर बसली आणि कुणी काटा उचलेना.

मंचावर चढलेली बाई आपली रेगुला होती. तुझी लेक. तिच्या डोक्यात हे कुठून आलं, देव जाणे.

गाव तापलेलं आहे. थोडे दिवस तिला तुझ्याकडे बोलावून घेतलंस तर बरं होईल.

तुझा,
मेल्किओर


हिंटररूटी,
रविवार, १२ मे

प्रिय काश्पर,

तुझं उत्तर आलं. दोनच ओळी, पण आल्या. 'माझ्या मुलीच्या डोक्यात हे कुणी घातलं ते तुला माहीत असणार' असं तू लिहिलंस. मागच्या पत्रात मी देवाला मध्ये ओढलं, त्याला उगाच त्रास दिला. मीच घातलं.

एप्रिलच्या शेवटी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. म्हणाली, "काका, मी सभेत बोलणार आहे. दोनच नगरपालिका. सगळे हसतील ना?" मला तिथल्या तिथे सुचलं. आठचा ठराव लोकांना थोडा थोडा पटत चालला होता, तीच तर भीती. पण दोन? दोन ऐकून तर आठवालेसुद्धा बिथरले असते आणि सगळंच फेकून दिलं असतं. म्हणून मी म्हटलं, "हसू देत. तू बोल. तुझा काका तुझ्या पाठीशी आहे."

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. मी तिचं भाषण घेतलं आणि त्यात एक वाक्य घातलं. 'आमच्या गावात शाळेत मुलं अकरा आणि समित्या सात, अजून दोन वर्षांनी समित्या जास्त होतील.' म्हटलं, हे ऐकून एकूण एक समितीवाला पेटेल. मीच चार समित्यांवर आहे, मला माहीत नाही होय? पण लोक पेटले नाहीत रे. खळखळून हसले आणि टाळ्या वाजवल्या. बावीसही गावांची तीच रड होती. तोपर्यंत प्रत्येकाला वाटत होतं, आपलीच तेवढी आहे.

सोमवारपासून इकडे काय चाललंय ते तुला रेगुलानं सांगितलं नसणार, ती तशी नाही. मंगळवारी कुणीतरी वेशीवरची गावाच्या नावाची पाटी उपटून तिच्या दारात आडवी टाकली. दुकानात ती शिरली की लोक पावाकडे बघत बसतात. शाळेत मुलांच्या दोन आया तिच्याशी बोलल्या नाहीत. बुधवारी ती माझ्याकडे आली. "काका, तुम्ही एकदा सगळ्यांना सांगाल का, की तुम्हालाही पटलं होतं? तुमचं ऐकतील." आणि मी, गावचा अध्यक्ष, एकसष्ट वर्षांचा घोडा, तिला म्हणालो, "जरा थांब पोरी, वातावरण निवळू दे." ती "बरं" म्हणाली आणि जाताना डोराच्या गुडघ्याला मलम लावून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी गावसभा. हाइरीनं ठराव मांडला की रेगुलाला शाळा समितीतून काढावं, "कारण जिला गाव नको तिला गावची शाळा कशाला?" असंच एक वाक्य मी आठ वर्षांपूर्वी त्याच खोलीत, त्याच टेबलावर हात आपटून तुला म्हणालो होतो. तू तेव्हा मात्तबाखशी नुसतं एक होऊ या म्हणत होतास. तू टोपी उचललीस आणि गेलास. ती मात्र शेवटच्या बाकावर बसून राहिली.

अध्यक्ष म्हणून मला विचारायचं होतं, "ठरावाच्या बाजूनं कोण?" मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघालं, "ते समित्यांचं वाक्य माझं आहे. तिला उभं मी केलं. ठराव पडावा म्हणून."

आधी कुणाला कळलंच नाही. मग हाइरी म्हणाला, "काय बोलतोस, मेल्क? पिऊन आलायस का?"

"शुद्धीत आहे," मी म्हटलं. "आता मला एक सांगा. रविवारी पहिल्या मताला, आठ की दोन, तेव्हा दोनसाठी कार्ड कुणी वर केलं? खरं खरं. हात वर करा."

मग पहिला हात वर गेला तो डोराचा. माझ्या बायकोचा! बत्तीस वर्षं एका छपराखाली राहतोय आणि मला पत्ता नाही. रविवारी सगळ्यांचे डोळे सभापतींवर होते, शेजारच्याच्या कार्डाकडे कुणी बघितलंच नव्हतं. म्हणाली, "मला वाटलं, दोन ऐकून लोक सगळंच फेकून देतील." मग सुताराचा गेला. मग त्या दोन आयांचे. मग हाइरीचा, कानापर्यंतच, लाजत लाजत. होता होता सगळी खोली हातांनी भरली. काश्पर, मी आ वासून बघत राहिलो. मला वाटत होतं एवढा हुशार मी एकटाच. एकूण एक माणूस एकट्यानंच हुशार झाला होता, आणि बावीसही गावांत हेच झालं असणार. आम्हीच आमच्या हातांनी दोनला शेवटच्या मतापर्यंत नेलं आणि आठवडाभर एका मुलीला छळलं.

हाइरीचा ठराव तिथेच पडला. मला वाटलं, सुटली पोर. मी शेवटच्या बाकाकडे बघितलं तर ती पांढरीफटक. उठली आणि म्हणाली, "म्हणजे जेवढे लोक माझ्याबरोबर आहेत असं मला वाटलं होतं... त्यातला माझ्याबरोबर कुणीच नव्हता." दार हळूच लावून गेली. तिला मी रागावून दार आपटतानाही बघितलंय. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

काल सकाळी मी तिच्याकडे गेलो. ती पुस्तकं खोक्यात भरत होती. म्हणाली, "काका, एकच विचारते. शेवटच्या मताला तुम्ही काय केलंत?"

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डोरालाही नाही. गावसभेतही मी पहिल्या मताचंच विचारलं, शेवटच्याला शिवलो नाही, कारण मग मला सांगावं लागलं असतं. रेगुला मंचावर बोलत होती तेव्हा तुझ्यासारखी हनुवटी वर करत होती, आणि तिचं ऐकता ऐकता तू आठ वर्षांपूर्वी काय म्हणत होतास ते मला पहिल्यांदा समजलं. तू बोलत होतास तेव्हा मी ऐकतच नव्हतो, माझं उत्तर जुळवत होतो. शेवटचं मत पुकारलं तेव्हा कार्ड माझ्या हातात होतं. सभापती म्हणाले, "दोनच्या बाजूनं?" आणि माझा हात वर गेला. कुणी ढकलला नाही, काही डाव नव्हता. वर गेलेल्या हाताकडे मीच बघत राहिलो. हिंटररूटीचा अध्यक्ष, आणि मी हिंटररूटीच्या विरोधात मत दिलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.

मी तिला सांगितलं, "तुझ्या बाजूनं दिलं, रेगुला. मनापासून."

तिनं माझ्याकडे बघितलं. चिडली नाही. लहान मुलाला समजावतात तशी म्हणाली, "काका, आता तरी खोटं बोलू नका," आणि खोक्याला दोरी बांधायला लागली.

मंगळवारच्या दुपारच्या गाडीनं ती तुझ्याकडे येते आहे. हे पत्र तिला दाखवू नकोस, तिला हाही माझा एक डावच वाटेल. तुलाही तसंच वाटत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण तुला विश्वास ठेवता आला, तर तसं लिही. एक ओळ पुरे.

आयुष्यात एकदाच मनापासून हात वर केलेला, आणि तो खरा होता हे सांगायला साक्षीदार नसलेला

तुझा थोरला भाऊ,
मेल्किओर